पंचावन्न इंचांची तपासणी

मापटे हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी उभा जन्म काढला आणि बाजारातल्या दुकानदारांनी ते नाव त्यांना पाठीमागून चिकटवलं. पुढे ते इतकं घट्ट बसलं, की नवखे दुकानदार तोंडावरच “या मापटेसाहेब, बसा” म्हणू लागले. साहेबांना त्याचा राग येत नसे. बाजारात आपला दरारा आहे, असं ते समजत. दरारा होताही, रस्त्यात आडव्या बसलेल्या बैलाचा असतो तसला. लोक वळसा घालून जात.

नोकरीत त्यांनी चोर पकडले, हे खरं. पारड्याच्या तळाला चिकटवलेलं शिसं, ठोकून आत घेतलेलं माप, कापड मोजताना अंगठ्याखाली गिळलेला बोटभर तुकडा, सगळं त्यांच्या डोळ्यांना दिसे. पण ज्या दिवशी चोर सापडत नसे त्या दिवशी साहेबांच्या घशाखाली घास उतरत नसे. एखादा प्रामाणिक दुकानदार भेटला, की ते हिरमुसले होऊन बाहेर पडत आणि बरोबरच्या कारकुनाला म्हणत, “आज सुटला.” माणूस सरळही असू शकतो, ही शक्यता त्यांनी कधी विचारातच घेतली नव्हती.

निवृत्त झाल्यावर लोक झाडं लावतात, प्रवासाला जातात, निदान दुपारी डुलक्या तरी काढतात. साहेबांनी दूधवाल्याला धारेवर धरलं. तो पळून गेल्यावर वाण्याकडे मोर्चा वळवला. गल्लीतल्यांनी आधी कौतुक केलं, “साहेब आहेत म्हणून आपल्याला माप नीट मिळतं हो,” असं तोंडभरून म्हणाले. आणि मग साहेब दुकानात दिसले की बाहेरच थांबू लागले, कारण त्यांच्यामागे उभं राहिलं की तास मोडायचा. अशा माणसाच्या घरातला टीव्ही बिघडला.

जुना, ढेरपोट्या टीव्ही होता. एका संध्याकाळी त्यातून जळका वास आला, चित्र आक्रसत आक्रसत मधोमध एक ठिपका उरला आणि तोही गेला. दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि झाकण परत लावलं. “आता नवा घ्या, भिंतीवरचा,” म्हणाला. साहेबांनी त्याला लगेच चोर ठरवलं होतं; पण तो एक पैसाही न मागता निघून गेला, तेव्हा त्यांची पंचाईत झाली.

“घेऊ,” ते बायकोला म्हणाले. “पण घाई करायची नाही. या धंद्यात सगळे लुटारू बसलेत. नीट चौकशी करून घेऊ.”

“करा चौकशी,” बायको म्हणाली आणि विणकामाची पिशवी काखेत मारून समोर निघून गेली.

समोरच्या घरात एक बाई एकटी राहायची आणि शिवणकाम करायची. सगळी गल्ली तिला ताई म्हणे. ताईंकडे कपड्यांच्या कपाटावर ठेवलेला एक छोटासा टीव्ही होता. बायकोची रोजची मालिका चुकू नये, एवढ्यापुरतंच ते जाणं होतं. पण एकदा गेली ती रोजच जाऊ लागली. संध्याकाळ झाली की स्वयंपाक उरकायचा, साहेबांचं ताट झाकायचं आणि पायात चपला.

पहिले काही दिवस साहेबांना बरं वाटलं. घर शांत. मग ती शांतता अंगावर येऊ लागली. झाकलेलं ताट उघडायचं, गार जेवायचं आणि रस्त्यापलीकडच्या खिडकीतून दोघींचं हसणं ऐकायचं. एवढं काय हसण्यासारखं असतं, हे त्यांना कळत नसे. त्यांना बायको संध्याकाळी घरात हवी होती, एवढीच गोष्ट. पण “तू नसलीस की करमत नाही” हे वाक्य या माणसाच्या तोंडून निघणं म्हणजे वाण्यानं माप भरून वर मूठभर जास्त घालणं. म्हणून त्यांनी ठरवलं, की असा टीव्ही आणायचा, की बायकोनं पुन्हा समोरच्या घराचं नाव काढता कामा नये. टीव्ही आला की बायको येणार. इतकं सोपं होतं ते, त्यांच्या मते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुकानं पालथी घालायला सुरुवात केली. टीव्हीचं दुकान ही एक गंमतच असते. भिंतभर पडदे आणि सगळ्या पडद्यांवर एकच पोपट. तो इतका हिरवा, की खऱ्या पोपटानं पाहिला तर शरमेनं मान खाली घालावी. गिऱ्हाईक त्या पोपटाला भुलून टीव्ही पसंत करतं आणि घरी नेऊन त्यावर जन्मभर भांडणाऱ्या माणसांच्या बातम्या बघतं. विकणारी पोरं एकसारखे शर्ट घालून ओळीनं उभी. त्यांना टीव्हीतलं काय कळतं कोण जाणे, पण “सर” म्हणायला छान शिकवलेली.

साहेबांनी खिशातून टेप काढली.

“हा किती इंची?”

“पंचावन्न, सर.”

साहेबांनी पडद्याची रुंदी मोजली. “कुठायत पंचावन्न? पन्नाससुद्धा भरत नाहीत.”

“सर, टीव्ही तिरका मोजतात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.”

“वा! मग पलंगही तिरकेच मोजून विका. झोपतील माणसं आडवीतिडवी.”

पोरगा हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी तिरकं मोजलं, पुन्हा मोजलं, मग चष्मा पुसून आणखी एकदा मोजलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो त्यांच्या बायकोनं लग्नातही पाहिला नसेल. पडदा पंचावन्नाला कमी भरत होता. पुरता अर्धा इंचही नाही, पण कमी. पोरानं सांगितलं, की सगळ्याच कंपन्यांचे असे असतात, पंचावन्न हे नुसतं गटाचं नाव आहे, नेमकं माप खोक्यावर छापलेलं आहे. खोक्यावर ते खरोखरच छापलेलं होतं. मग इतकं बारीक छापणं हाच गुन्हा आहे असं साहेबांनी जाहीर केलं, मॅनेजरला बोलावून घेतलं, त्याची उभ्या उभ्या शिकवणी घेतली आणि टीव्ही न घेता, छाती पुढे काढून घरी आले.

“मिळाला का?” बायकोनं चपला घालता घालता विचारलं.

“मिळाला! जवळजवळ अर्धा इंच खातात.”

“मी टीव्हीचं विचारतेय,” ती म्हणाली आणि गेली.

हे असंच चालू राहिलं. टीव्ही आणायला म्हणून बाहेर पडलेला हा माणूस चोर पकडून परत येई, आणि टीव्ही राहूनच जाई. एका दुकानात त्यांनी पोपट बंद करून बातम्या लावायला लावल्या. दुसऱ्या दुकानात सगळे दिवे मालवायला लावले, “कारण आमच्या घरी एवढा उजेड नसतो.” तिसऱ्या ठिकाणी टीव्हीचा आवाज चोरला जातो की काय, याची परीक्षा घेण्यासाठी ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. पुढे पुढे साहेब पायरी चढताना दिसले की आतली पोरं भराभर मागच्या खोलीत पांगत आणि सगळ्यांत नवा जो असेल तो त्यांच्या तोंडी दिला जाई. पंख्याचे दिवस सरले, स्वेटरचे आले. बायकोनं एक अख्खा स्वेटर ताईंच्या घरी बसून विणला. तो ताईंच्याच मापाचा होता.

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिनं फोनवर सांगून पाहिलं. “बाबा, कुठलाही आणा हो. आजकाल सगळे चांगलेच असतात. फक्त आईला दुकानात घेऊन जा.”

“आईला त्यातलं काय कळतंय?”

“बघायचाय तिला ना?”

“बघायला अक्कल लागत नाही. घ्यायला लागते,” साहेब म्हणाले. आपण फार मार्मिक बोललो, असं त्यांना वाटलं. हे वाक्य त्यांनी त्या आठवड्यात वाण्यालाही ऐकवलं.

घरात तर त्यांनी तपासणीची छावणीच टाकली. बाहेरच्या खोलीत मधोमध त्यांची खुर्ची असे, उंच पाठीची, हातांची, लाकडी. त्या खुर्चीत ते ताठ बसले, जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची बायकोकडून मोजून घेतली आणि भिंतीवर त्याच उंचीला फुली मारली. खुर्ची भिंतीपासून किती लांब असावी, हेही शोधून काढलं आणि तिच्या पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा केल्या. बायकोनं फरशी पुसताना त्या पुसल्या. साहेबांनी पुन्हा केल्या, तिनं पुन्हा पुसल्या. शेवटी त्यांनी रंगाचा डबा आणला. बायको स्वतः कुठे बसते, हे मोजावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसायची. गॅसवर काही ना काही असायचं, ते सोडून लांब बसणार कशी?

अखेर एका दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी लावलेले होते. दोन्ही पंचावन्न, दोन्हींची किंमत जवळपास सारखीच. विकणारा नवा होता, मागच्या खोलीतल्यांनी पुढे ढकललेला. त्याला अजून खोटं बोलता येत नसावं.

“सर, हा समोरून एकदम कडक दिसतो. काळं म्हणजे काळंच. पण बाजूनं बघितलं की फिका पडतो. घरात माणसं इकडेतिकडे बसत असतील तर तो दुसरा न्या. त्यातलं काळं एवढं गडद नाही, पण कुठूनही बघा, सारखा दिसतो.”

आयुष्यात प्रथमच एक विकणारा साहेबांना आपल्या मालातली खोट आपणहून सांगत होता, आणि साहेबांनी डोळे बारीक केले. दुकानदार जे गळ्यात मारू पाहतो ते कधी घ्यायचं नाही, या एकाच नियमावर त्यांची सगळी नोकरी चालली होती. दुसऱ्या टीव्हीचा माल पडून असणार, तो खपवायचा असणार. हे न समजायला ते काय कालचे पोर होते?

“बाजूनं कोण बघतंय?” ते म्हणाले. “हाच बांधा.”

दोन दिवसांत टीव्ही घरी आला. बसवणारा माणूस भिंतीला भोकं पाडत असताना साहेबांनी त्याला घाम फोडला. फुलीपासून केसभर इकडे नाही की तिकडे नाही. तो बिचारा चहाही न घेता गेला. संध्याकाळी साहेबांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला, ताईंनाही मुद्दाम बोलावून घेतलं आणि खुर्चीत बसून रिमोट हातात घेतला. बायको आपली पिशवी घेऊन दाराशी स्टुलावर बसली. ताई तिच्याशेजारी उभ्या राहिल्या.

चित्र आलं. साहेबांनी श्वास रोखून धरला. काय ते रंग, काय तो काळा! मालिकेतल्या सासूच्या कपाळावरची आठी न् आठी मोजून घ्यावी. ते मागे न बघता म्हणाले, “काय? कसा आहे?”

बायको म्हणाली, “सगळ्यांची तोंडं पीठ लावल्यासारखी का दिसतायत?”

“शक्यच नाही.”

“दिसतायत खरी. हो की नाही हो ताई?”

ताईंनी अवघडून नुसतं “असेल, नवीन आहे ना” असं काहीतरी पुटपुटलं.

“इकडे ये. माझ्या मागे उभी राहून बघ,” साहेबांनी फर्मावलं. बायको उठली, त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि तिनं पाहिलं.

“अगंबाई, इथून छान दिसतंय की.”

“मग!” साहेबांनी विजयी मुद्रेनं रिमोट मांडीवर आपटला.

“मग काय? रोज तुमच्या मागे उभी राहू?”

“तुझं स्टूल चुकीच्या जागी आहे.”

“बरं,” बायको म्हणाली. “स्वयंपाकघर सरकवा, स्टूलही सरकवते.”

ताईंनी पदर तोंडाला लावला. हसू दाबत होत्या हे दिसत होतं, पण साहेबांना दिसलं नाही, कारण त्यांचं तोंड टीव्हीकडे होतं. दुसऱ्या दिवशी बायकोनं स्वयंपाक उरकला, ताट झाकलं आणि चपला घातल्या.

“कुठे निघालीस?” साहेबांच्या आवाजाला धार होती. “घरात एवढा टीव्ही आणलाय!”

“तो तुमचा आहे. बघा तुम्ही,” ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. ती आपली सहज म्हणाली, हवा कशी आहे हे सांगावं तशी.

साहेब तणतणत खुर्चीत बसले. टीव्ही लावला. मालिका सुरू झाली, ती कशाबद्दल आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी बातम्या लावल्या, मग बंद केल्या, मग मुलीला फोन लावला आणि तिच्या आईच्या कृतघ्नपणाचा पाढा वाचला. चार महिने चपला झिजवल्या, गावातल्या एकाही चोराला दाद दिली नाही, असा टीव्ही कोणाच्या घरी नाही. आणि ही बया त्या टीचभर डब्यासमोर जाऊन बसते! मुलीनं सगळं ऐकून घेतलं.

“बाबा, आईच्या स्टुलावर बसून बघितलंत?”

“मी कशाला बसू स्टुलावर?”

“एकदा बसा,” ती म्हणाली. “मी लहानपणी तिच्या मांडीवर बसून बघायचे. मला आठवतंय.” काय आठवतंय, ते तिनं सांगितलं नाही.

मुलीचं म्हणणं खोटं पाडायचं एवढ्याचसाठी साहेब उठले. टीव्ही चालूच ठेवून दाराशी गेले आणि स्टुलावर बसले. स्टूल बुटकं होतं, गुडघे पोटाशी आले. त्यांनी मान वर केली. पडद्यावरची माणसं खरंच पिठाळ, आजारी दिसत होती. नवं पोरगं खरं बोललं होतं. ते त्यांनी गिळलं असतंही. टीव्ही बदलून घेता येतो, दुकानदाराला फैलावर घेता येतं. पण पडद्याचा जवळजवळ निम्मा भाग त्यांना दिसतच नव्हता. त्याच्या आड त्यांच्याच खुर्चीची उंच पाठ येत होती.

खुर्ची रिकामी होती तरी एवढं झाकलं जात होतं. तिच्यात माणूस बसला, की वर त्याचं डोकं आलं. आणि ही खुर्ची काही टीव्ही आल्यावर मांडलेली नव्हती. ढेरपोट्या टीव्हीच्या वेळीही ती इथंच होती, मुलगी रांगत होती तेव्हाही इथंच होती. नोकरीतल्या नव्या पोरांना साहेब पहिल्याच दिवशी दरडावून सांगत, की तराजू बघायचा तर दुकानदाराच्या बाजूनं बघू नका, गिऱ्हाईकाच्या बाजूला जाऊन उभे राहा. स्वतःच्या घरात ते या बाजूला प्रथमच आले होते. इतकी वर्षं ही बाई अर्ध्याच माणसांच्या गोष्टी बघत होती आणि उरलेल्या ऐकून समजून घेत होती. तिनं कधी सांगितलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग सांगितलं असेलही, असं आलं. त्यांना आठवेना, आणि आपल्याला आठवत नाही याची त्यांना चांगलीच लाज वाटली.

लाज वाटली तरी साहेब ते साहेबच. त्यांनी ताबडतोब उपाय योजला. खुर्ची ओढून भिंतीशी लावली, रंगवलेल्या खुणांच्या मधोमध बायकोसाठी मऊ गादीची खुर्ची आणून ठेवली, आणि झालं, चूक दुरुस्त झाली, आता तिला घेऊन यावं, या थाटात रस्ता ओलांडला. गॅसवरचं कोण बघणार, हा प्रश्न त्यांना तेव्हाही पडला नाही.

ताईंचं दार उघडंच होतं. आत कापडांचे गठ्ठे, चिंध्या, मशीन आणि कपाटावर तो चिमुकला टीव्ही. बायको बरोबर समोर बसली होती, घरातल्या एकुलत्या एक चांगल्या खुर्चीत, पाय एका गठ्ठ्यावर टाकून. ताई खाली बसून शिलाई उसवत होत्या. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, पडद्यावरच्या सुनेला नावं ठेवत होत्या, पुढे काय होणार यावर वाद घालत होत्या, आणि मध्येच बायको असं काही बोलली की ताई हातातलं काम टाकून हसत सुटल्या. साहेब दारातच थांबले. आपल्या बायकोच्या बोलण्यावर कोणी इतकं हसतं, ही त्यांना बातमी होती.

“अगं,” ते म्हणाले, “मी खुर्ची हलवली.”

“बरं केलंत,” बायको पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

“मधोमध तुझी जागा केलीय. चल,” म्हणत साहेब आत येऊन थेट टीव्हीसमोर उभे राहिले.

“तिथं मधोमध बसून बोलू कोणाशी?”

साहेबांनी तोंड उघडलं. माझ्याशी, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण काय बोलणार होते ते तिच्याशी? वाण्याचं? दूधवाल्याचं? अर्ध्या इंचाचं? ताईंना त्यांची कीव आली असावी. त्यांनी मशीनजवळच्या तिपाईवरचे कपडे उचलून जागा केली. बायकोनं मात्र मान तिरकी करून त्यांच्या अंगावरून पलीकडे पाहण्याचा प्रयत्न केला, आणि तेही जमेना तेव्हा हातानंच खूण केली.

“अहो, बसायचं तर बसा. पण समोरून बाजूला व्हा. दिसत नाहीये.”

साहेब बाजूला झाले.